उघड्या जमिनीतून उडणारे पाणी: मॉडेलचे अंदाज कसे पारखावेत

सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या भारी काळ्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनी पावसाळ्यात मुद्दाम पडीक ठेवल्या जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी पेरली जाते. पावसाळ्याच्या त्या महिन्यांत शेतात पीक उभे नसल्यामुळे हवेत जाणारे जवळजवळ सगळे पाणी उघड्या मातीच्या पृष्ठभागावरून जाते. पेरणीच्या वेळी जमिनीत किती ओल उरेल याचा हिशेब करताना हा खर्च मोठा असतो, आणि तो मोजण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसल्यामुळे हवामान आणि मातीच्या आकड्यांवरून हा खर्च काढणाऱ्या गणिती मॉडेलवर भिस्त ठेवावी लागते. ते मॉडेल आपल्या जमिनीसाठी कितपत विश्वासार्ह आहे, हे ठरवण्याची पद्धत येथे दिली आहे. उदाहरणे काळ्या जमिनीची आहेत. मुरमाड किंवा रेताड जमिनीत आकडे बदलतील, पद्धत बदलणार नाही.

आधी कसोटीची जागा निश्चित केली पाहिजे. चांगला पाऊस झाल्यावर मातीचा पृष्ठभाग ओला असतो, तेव्हा किती पाणी उडेल हे ऊन, वारा आणि हवेची कोरड ठरवतात. माती फक्त पुरवठा करते. हा पहिला टप्पा. वरचा थर सुकला की खालचे पाणी पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याचा वेग कमी पडू लागतो आणि मग कितीही ऊन तापले तरी बाष्पीभवन मातीच्या कुवतीवर अडते. हा दुसरा टप्पा, आणि त्यात एकूण उडालेले पाणी साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत जाते. पहिल्या टप्प्यात हवामानाची माहिती नीट दिली तर कोणतेही बरे मॉडेल जवळपास बरोबर उत्तर देते. खरी परीक्षा पाऊस उघडल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पुढच्या आठवडाभरात होते. पारखणीची सगळी आखणी त्या दिवसांभोवती करावी, असे माझे मत आहे.

याचे कारण आकड्यांतून लगेच दिसते. अमेरिकी संशोधक जे. टी. रिची यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये मातीसाठी दोनच आकडे लागतात: पहिल्या टप्प्यात उडू शकणारे पाणी आणि दुसऱ्या टप्प्याचा वर्गमुळाचा गुणक. टेक्सासमधल्या ह्यूस्टन ब्लॅक या चिकण मातीसाठी, जी आपल्या काळ्या मातीसारखीच फुगणारी आणि भेगाळणारी आहे, त्यांनी हे आकडे अनुक्रमे ६ मिमी आणि ३.५ असे दिले होते. दुसरे मॉडेल जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ सालच्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतले. त्यात वरच्या १० ते १५ सेंमी थरातून एकूण किती पाणी उडू शकते आणि त्यातले किती सहज उडते, असे दोन साठे धरतात. क्षेत्रीय जलधारणा (जादा पाणी निचरून गेल्यावर मातीत टिकणारी ओल) ४० टक्के आणि वनस्पती कायमच्या सुकतात ती पातळी २४ टक्के धरली, तर १० सेंमी थरासाठी एकूण साठा २८ मिमी येतो. सहज उडणाऱ्या पाण्यासाठी पुस्तिकेत चिकणमातीला ८ ते १२ मिमी दिले आहेत, आपण १० धरू.

आता थर पूर्ण भरेल एवढा पाऊस झाला, संदर्भ बाष्पोत्सर्जन (पाण्याची कमतरता नसलेल्या गवताच्या रानातून त्या हवामानात उडेल तेवढे पाणी) रोज ५ मिमी आहे आणि ओल्या पृष्ठभागासाठी गुणक १.२ आहे, असे समजू. म्हणजे रोज जास्तीत जास्त ६ मिमी उडू शकते. रिचींच्या मॉडेलनुसार पहिल्या दिवशी ६ मिमी जातात, मग ३.५, मग १.४५, मग १.१. पुस्तिकेच्या मॉडेलनुसार पहिले दोन दिवस ६-६ मिमी, तिसऱ्या दिवशी ५.३, चौथ्या दिवशी ३.६ आणि पाचव्या दिवशी २.४. सातव्या दिवसाअखेर एकाचे उत्तर १४.६ मिमी आहे आणि दुसऱ्याचे २५.९ मिमी. एकाच शेताबद्दल, एकाच हवामानात, ११ मिमींचा फरक! पण पाऊस आलाच नाही आणि २६ दिवस गेले, तर बेरजा २३.५ आणि २८ मिमी होतात. फरक निम्म्याहून कमी उरतो. उलट पाऊस रोज येत राहिला तर माती पहिल्या टप्प्यातच अडकून राहते आणि तेव्हाही दोघांमधले अंतर फारसे वाढत नाही. म्हणून हंगामाची बेरीज जुळली एवढ्यावरून मॉडेलला उत्तीर्ण करणे धोक्याचे आहे. पहिल्या टप्प्यात कमी आणि दुसऱ्यात जास्त असा घोटाळा असला, तरी बेरीज सुरेख जुळू शकते.

तुलनेसाठी तिसरे, अधिक सविस्तर मॉडेल घ्यायचे असल्यास हायड्रस-१डी सारखी संगणक आज्ञावली घेता येते. ती मातीतल्या पाण्याच्या प्रवाहाचे समीकरण थराथराने सोडवते. तिच्यात दोन ठिकाणी लक्ष ठेवावे. पृष्ठभागाजवळचे थर मिलिमीटरच्या मापाचे, अगदी पातळ ठेवावे लागतात, आणि कोरड्या मातीतून वाफेच्या रूपाने होणारी वाहतूक तिथे वेगळी निवडावी लागते. ती न निवडता दुसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या भागाबद्दल निष्कर्ष काढू नयेत.

मोजमाप

मॉडेलची परीक्षा मोजमापाच्या अचूकतेपलीकडे जाऊ शकत नाही. मोठा वजनी लायसिमीटर, म्हणजे जमिनीत बसवलेली आणि सतत तोलली जाणारी मातीची टाकी, उपलब्ध असेल तर उत्तमच, कारण त्यातून तासातासाचे आकडे मिळतात. टेक्सासमधल्या बुशलँड येथील संशोधन केंद्रात ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.३ मीटर खोल असे चार वजनी लायसिमीटर आहेत, आणि त्यांच्या बऱ्याच नोंदी अमेरिकी कृषी खात्याने खुल्या केल्या आहेत. स्वतःच्या नोंदी हाती येण्यापूर्वी हिशेबाची पद्धत तपासून पाहण्यासाठी त्या उपयोगी पडतात. पण आपल्याकडे एखाद्या महाविद्यालयाला किंवा गटाला परवडेल असे साधन म्हणजे सूक्ष्म लायसिमीटर, म्हणजेच मातीने भरलेली आणि रोज तोलायची नळी.

नळी पीव्हीसीची घ्यावी. लोखंडी नळी उन्हात तापते आणि उष्णता खोल नेते, त्यामुळे तिच्यातल्या मातीचे तापमान शेतातल्या मातीसारखे राहत नाही. आतला व्यास १० सेंमी असेल तर पृष्ठभाग ७८.५ चौरस सेंमी होतो, आणि १ मिमी पाणी म्हणजे ७.८५ ग्रॅम. बाजारातल्या पाइपवर लिहिलेला व्यास बाहेरचा असतो, तेव्हा आतला व्यास दोन-तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी आणि हा गुणक स्वतः काढावा. वरच्या उदाहरणात तिसऱ्या दिवशी दोन मॉडेलांमध्ये ३.९ मिमींचा फरक होता, म्हणजे तराजूवर सुमारे ३० ग्रॅम; एवढा फरक साधा तराजूही पकडेल. मात्र आठव्या-दहाव्या दिवशी रोजचे बाष्पीभवन अर्धा-पाऊण मिमीवर आले की १ ग्रॅमची चूक म्हणजे ०.१३ मिमी, ही डोईजड होते. २० सेंमी खोल नळी ओल्या मातीसह अडीच-तीन किलो भरते, हे ध्यानात घेऊन ५ किलोपर्यंत तोलणारा आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा तराजू घ्यावा. तो वाऱ्यापासून आडोशाला, समपातळीत ठेवावा आणि रोज तोलण्यापूर्वी ठरलेले प्रमाणित वजन ठेवून तपासावा.

नळीची कड धारदार करून ती माती न विस्कटता जमिनीत दाबावी. यासाठी वाफसा आल्यावरचा दिवस चांगला; चिखलात माती दाबली जाते आणि कोरड्यात ढेकूळ फुटते. पावसानंतर लगेच नळ्या भरण्याची घाई दुसऱ्या कारणानेही टाळावी. नळीचा तळ बंद असतो, त्यामुळे शेतात खाली निचरून जाणारे पाणी नळीत अडकून राहते आणि नळी शेतापेक्षा ओली राहते. नळी काढल्यावर तळ झाकण लावून बंद करावा, बाहेरची माती पुसून काढावी आणि आधीच पुरून ठेवलेल्या थोड्या मोठ्या नळीत ती अशी ठेवावी की दोन्हींच्या कडा आणि मातीचा पृष्ठभाग एका पातळीत येतील. कड वर राहिली तर वारा अडतो आणि सकाळ-संध्याकाळ मातीवर सावली पडते.

तळ बंद असण्याचा परिणाम उलट दिशेनेही होतो. सुकत चाललेल्या शेतात खालच्या थरातून पाणी वर येत असते, ते नळीत येत नाही. म्हणून सात-आठ सेंमींची आखूड नळी एक-दोन दिवसांपुरतीच खरे सांगते. नंतर शेताच्या मानाने ती लवकर कोरडी पडते. आठवडाभराच्या वाळणीसाठी २० ते ३० सेंमी खोलीच्या नळ्या वापराव्यात किंवा आखूड नळ्या दर दोन दिवसांनी शेतातल्या ताज्या मातीने भराव्यात. माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे, कारण कष्ट वाढले तरी नळीतली माती आणि शेतातली माती यांच्यातले अंतर वाढत जात नाही.

काळ्या मातीची खास अडचण म्हणजे आकुंचन. वाळताना माती नळीच्या भिंतीपासून सुटते, चारी बाजूंनी पोकळी पडते आणि तिथूनही पाणी उडू लागते. रोज तोलताना कडेला बारीक पाते सरकवून पाहावे. ते सहज आत गेले तर त्या नळीच्या त्या दिवसापासूनच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात आणि नळी बदलावी. शेतातल्या भेगांमधून उडणारे पाणी तर नळीत मोजलेच जात नाही. यावर उतारा म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ० ते ५, ५ ते १०, १० ते १५ आणि १५ ते ३० सेंमी थरांतून मातीचे नमुने घ्यावेत, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून त्यातले पाणी काढावे आणि नळ्यांच्या बेरजेशी ताडून पाहावे. वजनी टक्क्यांवरून मिमी काढताना घनता लागते, आणि फुगणाऱ्या मातीची घनता ओलाव्यानुसार बदलते. एकदाच काढलेली घनता सगळ्या हंगामाला लावू नये.

एका जागी निदान चार नळ्या असाव्यात. समजा, एखाद्या दिवशी त्यांनी १.३, १.६, १.५ आणि १.२ मिमी दाखवले. सरासरी १.४ मिमी, आणि सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती सरासरी साधारण किती इकडे-तिकडे असू शकते तो आकडा, सुमारे ०.१ मिमी. अशा दिवशी मॉडेलने १.५ सांगितले की १.३, यावरून डावे-उजवे ठरवता येत नाही. हा आकडा दर दिवसासाठी नोंदवून ठेवावा, पुढे त्याचेच सर्वांत जास्त काम पडते.

जागा निवडताना आसपास पाहावे. चारी बाजूंना कोरडे तापलेले रान आणि मध्ये पाणी शिंपडून ओला केलेला छोटा वाफा, अशा मांडणीत बाजूची गरम हवा वाफ्यावरून जाते आणि बाष्पीभवन वाढते. खऱ्या पावसानंतर सगळे रान ओले असते तेव्हा असे होत नाही. म्हणून शक्यतो पावसानंतरच्याच वाळणी मोजाव्यात. तण उगवले की ते कापून चालत नाही, मुळासकट काढावे लागते, नाहीतर मोजमापात तणाच्या पानांतून उडणारे पाणी मिसळते.

दिवस केव्हा सुरू होतो

ही बाब क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे चांगली मॉडेलेही नापास ठरतात. भारतीय हवामान विभागाचा दैनिक पाऊस सकाळी ८.३० ते ८.३० असा मोजला जातो आणि तो ज्या सकाळी मोजला त्या तारखेला नोंदवला जातो. म्हणजे १४ तारखेच्या संध्याकाळी कोसळलेला पाऊस १५ तारखेच्या रकान्यात दिसतो. मॉडेल मात्र मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिवस धरत असेल, तर त्याच्या हिशेबात जमीन एक दिवस उशिरा ओली होते आणि वाळणीचा सगळा आलेख एका घराने सरकतो. सरळ उपाय असा की नळ्याही रोज सकाळी ८.३० ला तोलाव्यात आणि मॉडेलचा दिवसही तोच ठरवावा. पाऊस मात्र शेतातच मोजावा. वळवाचा किंवा परतीचा पाऊस दोन-चार किलोमीटरवर अर्धा होतो.

संदर्भ बाष्पोत्सर्जन काढण्यासाठी कमाल-किमान तापमान, आर्द्रता, सूर्यप्रारण आणि २ मीटर उंचीवरचा वारा लागतो. वारा १० मीटर उंचीवर मोजलेला असेल तर त्याला ०.७५ ने आणि ३ मीटरवर मोजलेला असेल तर ०.९२ ने गुणावे. बाष्पीभवन पात्राचे, म्हणजे उघड्या भांड्यातून रोज उडणाऱ्या पाण्याचे, आकडे सोयीचे असले तरी या कामासाठी मी ते वापरणार नाही, कारण पात्राचा गुणक स्वतःच अनिश्चित असतो आणि मग चूक मॉडेलची की पात्राची हे कळत नाही.

रात्रीच्या नोंदींबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्यात १९३२ मध्ये सुरू झालेल्या कृषी हवामान विभागाचे एल. ए. रामदास यांनी त्याच दशकात, निरभ्र कोरड्या हंगामात माती आणि तिला लागून असलेली हवा यांच्यात ओलाव्याची जी देवाणघेवाण होते तिचा पुण्यात अभ्यास केला होता. हिवाळ्यात कोरडी काळी माती रात्री हवेतली वाफ शोषून घेते, आणि पहाटेचे वजन आदल्या संध्याकाळपेक्षा किंचित जास्त भरते. ही नोंद चुकीची समजून खोडू नये. वर सांगितलेली पहिली दोन्ही मॉडेले पाणी फक्त बाहेर जाते असे धरतात, त्यामुळे २४ तासांच्या फरकातच त्यांची तुलना करावी, संध्याकाळ-सकाळच्या फरकात नाही.

तुलना

पावसापासून पुढच्या पावसापर्यंतच्या काळाला एक वाळणी म्हणू. मॉडेलमधले मातीचे आकडे बसवण्यासाठी काही वाळणी आणि तपासण्यासाठी दुसऱ्याच वाळणी वापराव्यात. दिवस सोडतीने निवडून अर्धे इकडे, अर्धे तिकडे असे करू नये. मंगळवारचा आकडा बसवायला वापरला आणि बुधवारचा तपासायला, तर तो बुधवार मॉडेलला आधीच ठाऊक असल्यासारखा आहे. तपासणीच्या वाळणी वेगवेगळ्या ऋतूंतल्या असतील तर अधिक बरे, कारण ऑक्टोबरच्या उन्हातली आणि डिसेंबरच्या थंडीतली वाळणी सारखी नसते.

प्रत्येक मॉडेल दोन प्रकारे चालवावे. एकदा दर वाळणीच्या सुरुवातीला मोजलेला ओलावा देऊन, आणि एकदा हंगामाच्या आरंभी एकदाच ओलावा देऊन पुढे सलग. पहिल्यात मॉडेलचे बाष्पीभवनाचे गणित उघडे पडते. दुसऱ्यात चुका साठतात का हे कळते. प्रत्यक्ष उपयोगात मॉडेल असेच चालणार असते. वरचा थर भरून टाकणारा मोठा पाऊस साठलेली चूक पुसून टाकतो, त्यामुळे सलग चालवलेल्या मॉडेलची खरी कसोटी रिमझिम पावसाच्या, थर अर्धवट भिजलेल्या काळात लागते. असे दिवस वेगळे काढून पाहावेत.

आकडे काढताना सहसंबंध गुणांकावर विसंबू नये. साठत जाणाऱ्या बेरजांची तुलना केली तर तो जवळजवळ नेहमीच ०.९५ च्या वर येतो, कारण दोन्ही बेरजा वाढतच असतात. असे आलेख छापून मॉडेल उत्तम असल्याचा निर्वाळा देणारे अहवाल पाहिले की पुढे वाचण्याची इच्छा राहत नाही. रोजच्या आकड्यांवर काम करावे. सरासरी त्रुटी काढली की मॉडेल सातत्याने जास्त सांगते की कमी, हे कळते. त्रुटींच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ काढले की साधारण किती चुकते, हे कळते. हे दोन्ही आकडे पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यासाठी वेगवेगळे द्यावेत. दुसऱ्या टप्प्यातली त्रुटी मोजमापाच्या प्रमाण त्रुटीच्या दुपटीच्या आत असेल, तर त्या मॉडेलमध्ये आणखी सुधारणा शोधण्याइतके मोजमाप आपल्याकडे नाही, असे समजावे.

नॅश आणि सटक्लिफ यांचा १९७० सालचा निर्देशांक जलशास्त्रात सर्रास वापरला जातो. त्यात १ म्हणजे तंतोतंत आणि शून्य म्हणजे मोजलेल्या आकड्यांची सरासरी रोज सांगितल्याइतके. येथे ही कसोटी फारच सैल पडते. ६ मिमीपासून अर्ध्या मिमीपर्यंत घसरणाऱ्या आकड्यांसाठी मोजमापाच्या थोडाफार जवळून घसरणारा आलेखही सरासरीपेक्षा सहज सरस ठरतो. त्यापेक्षा रिचींचे दोन आकड्यांचे मॉडेल आपल्या मातीसाठी बसवून घ्यावे आणि सविस्तर मॉडेलने निदान त्याला तरी मागे टाकावे, अशी अट ठेवावी. थराथराचे गणित करणारी आज्ञावली या साध्या मॉडेलपुढे टिकत नसेल, तर बहुधा तिला दिलेले मातीचे गुणधर्म प्रयोगशाळेतल्या चाळलेल्या मातीचे असतात.

रिचींचे आकडे बसवणे अवघड नाही. पहिल्या टप्प्यात रोजचे मोजलेले बाष्पीभवन शक्य तितक्या कमाल बाष्पीभवनाच्या जवळ असते. ते ज्या दिवशी स्पष्टपणे खाली येते, तिथवरची बेरीज हा पहिला आकडा. त्या दिवसापासून दिवस मोजून त्यांच्या वर्गमुळापुढे पुढची बेरीज आलेखावर मांडावी. बिंदू सरळ रेषेत आले तर रेषेचा चढ हा दुसरा आकडा. रेषा शेवटी वर वाकली तर नळीच्या कडेची पोकळी किंवा भेगा तपासाव्यात. खाली वाकली तर नळी आखूड पडते आहे.

हे सगळे न हललेल्या मातीबद्दल झाले. पण पडीक रानात शेतकरी पावसाळ्यात कुळवाच्या किंवा वखराच्या पाळ्या देतो. त्यामागे तण मारणे आहे, तसेच वरची माती भुसभुशीत करून खालची ओल धरून ठेवणे आणि भेगा बुजवणेही आहे. ‘एक कोळपणी अर्धे पाणी’ ही कोरडवाहू भागातली म्हण याच अनुभवातून आली आहे. वरच्या कोणत्याही मॉडेलला पाळी दिल्याची खबर आपोआप मिळत नाही. म्हणून अर्ध्या तुकड्यात पाळी द्यावी, अर्धा तसाच ठेवावा, दोन्हीकडे वेगळ्या नळ्या पुराव्यात आणि पाळीनंतर नळ्या नव्याने भराव्यात, कारण जुन्या नळीतली माती कुळवली गेलेली नसते. पाळी दिलेल्या तुकड्यासाठी दुसऱ्या टप्प्याचा गुणक वेगळा निघाला, तर मॉडेलमध्ये पाळीच्या तारखेपासून तो बदलावा. आणि पुढच्या जोरदार पावसाने माती पुन्हा बसली की पहिला गुणक परत लावावा की नाही, हे त्यानंतरच्या वाळणीच्या आलेखावरूनच ठरवावे.